पसंतीक्रम हवा, पण बूथवार बेरीज जुळली पाहिजे

मराठवाड्यात निवडणुकीचा निकाल लागला की दोन दिवसांत सगळी चर्चा मतविभागणीवर येऊन ठेपते. कोणी कोणाची मतं खाल्ली, कोणता बंडखोर कोणी उभा केला, अमक्यानं अर्ज मागे घेतला असता तर काय झालं असतं. हल्ली या चर्चेत एक उपायही सुचवला जातो. मतदारानं एकच बटण दाबण्याऐवजी उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी पसंती द्यावी, म्हणजे मतं फुटण्याचा प्रश्न मिटला. हे गणितानं सिद्ध झालंय, असंही ठासून सांगतात. समोरची बाजू म्हणते, खेड्यातल्या माणसाला हे झेपणार नाही, आणि कुठलीच पद्धत न्याय्य नसते हे ॲरो नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं दाखवून दिलंय, मग आहे त्यात काय वाईट? मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. पसंतीक्रमाची मतपत्रिका आपल्याला हवी आहे, मराठवाड्याला तर जास्तच हवी आहे. पण पसंती भरायची कशी यापेक्षा ती मोजायची कशी हा प्रश्न अवघड आहे, आणि त्यावर कोणी बोलत नाही. ज्या मोजणीची बूथवार बेरीज करून साध्या माणसाला निकाल ताडून पाहता येत नाही, ती मोजणी गणितात कितीही देखणी असली तरी आपण स्वीकारू नये, असं माझं मत आहे.

२०१९ ची औरंगाबाद लोकसभा आठवून पाहा. इम्तियाज जलील यांना ३,८९,०४२ मतं पडली, चंद्रकांत खैरे यांना ३,८४,५५०, आणि ट्रॅक्टर चिन्हावर अपक्ष लढलेल्या हर्षवर्धन जाधव यांना २,८३,७९८. पहिल्या दोघांत फरक ४,४९२ मतांचा. विजयी उमेदवाराला साधारण बत्तीस टक्के मतं, म्हणजे मतदान केलेल्या तिघांपैकी दोघांनी दुसऱ्या कोणाला तरी कौल दिला होता. यात जलील यांचा काहीच दोष नाही; नियम होता तसे ते निवडून आले. दोष पद्धतीचा आहे. ती मतदाराला एकच प्रश्न विचारते आणि त्याचं पुढचं बोलणं ऐकूनच घेत नाही. जाधवांना मत देणाऱ्या पावणेतीन लाखांहून जास्त माणसांना उरलेल्या दोघांत कोण बरा वाटत होता? आज हे कोणालाही सांगता येणार नाही, कारण ते कुठे नोंदवलंच गेलं नाही. तरी गेली कित्येक वर्षं लोक छातीठोकपणे सांगतात की पसंतीक्रम असता तर अमुकच जिंकला असता. हा हिशेब आडनावांवरून आणि जातींवरून केलेला असतो. मतदाराची दुसरी पसंती त्याच्या आडनावावरून कळते असं धरून चालणं हा त्या मतदाराचा अपमान आहे. पसंतीक्रमाचा खरा लाभ हाच की अशी अटकळ बांधायची गरज राहत नाही. माणूस स्वतःच सांगतो.

पण पसंतीक्रम ही एक पद्धत नाही, हे या वादात हरवून जातं. क्रम लावलेली तीच मतपत्रिका वेगवेगळ्या रीतींनी मोजता येते आणि प्रत्येक रीत वेगळा विजेता देऊ शकते. अठराव्या शतकात पॅरिसच्या विज्ञान अकादमीत दोन गणितज्ञांचा वाद याच मुद्द्यावर होता. बोर्डा यांनी १७७० मध्ये गुणांची पद्धत मांडली: दहा उमेदवार असतील तर पहिल्या पसंतीला नऊ गुण, दुसरीला आठ, असं उतरत जायचं आणि बेरीज करायची. बेरजेला सोपी, ऐकायला न्याय्य. पण आपल्याकडे डमी उमेदवार उभे करण्याची कला किती पुढे गेलेली आहे ते लक्षात घ्या. आपल्या माणसाच्या खाली आपलेच दोन डमी लावायला समर्थकांना सांगितलं की विरोधक आपोआप दोन पायऱ्या घसरतो, आणि जो जास्त डमी उभे करेल तो जिंकतो. आपली पद्धत प्रामाणिक माणसांसाठी आहे, असं बोर्डा म्हणाल्याचं सांगितलं जातं. निवडणूक कायदा मात्र अप्रामाणिक माणूस डोळ्यांसमोर ठेवूनच लिहावा लागतो.

दुसरा गणितज्ञ काँदोर्से. त्यानं १७८५ च्या ग्रंथात सरळ विचार मांडला: प्रत्येक उमेदवाराची प्रत्येकाशी जोड लावा. माळेगावच्या जत्रेत कुस्तीची जोड लागते तशी दोघादोघांची. किती मतदारांनी याला त्याच्या वर ठेवलं आणि किती जणांनी त्याला याच्या वर, एवढंच मोजायचं. जो सगळ्या जोडी जिंकेल तो निवडून आला. याला आपण जोडमोजणी म्हणू.

तिसरी रीत बाद फेऱ्यांची, आणि पसंतीक्रम म्हटलं की बहुतेकांच्या मनात हीच असते. ऑस्ट्रेलियात १९१८ पासून हीच चालते, आणि आपल्या विधान परिषदेच्या पदवीधर व शिक्षक मतदारसंघांतही मोजणी याच धर्तीवर होते. कोणालाच निम्म्याहून जास्त पहिल्या पसंती मिळाल्या नाहीत, तर सर्वांत कमी पहिल्या पसंती असलेल्याला बाद करायचं, त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटायच्या, आणि असंच करत राहायचं. बरोबर वाटतं ना? आता समजा लातूर जिल्ह्यातल्या एका गावात सरपंचपदाला तिघं उभे आहेत. एक वरच्या आळीचा, एक खालच्या आळीचा, आणि एक बाई, जिची दोन्हीकडे उठबस आहे. मतं नऊशे. ३६० जणांनी वरच्याला पहिली पसंती दिली आणि दुसरी बाईंना. ३१० जणांनी खालच्याला पहिली आणि दुसरी बाईंनाच. २३० जणांनी बाईंना पहिली पसंती दिली. त्यातल्या १३० जणांची दुसरी पसंती वरच्याला, १०० जणांची खालच्याला. बाद फेरीत पहिल्या झटक्यात बाई बाद. मग वरचा ४९०, खालचा ४१०, आणि वरच्या आळीचा गुलाल. आता जोडी लावून बघा. बाई विरुद्ध वरचा: ५४० विरुद्ध ३६०. बाई विरुद्ध खालचा: ५९० विरुद्ध ३१०. म्हणजे समोरासमोर दोघांनाही सहज हरवणारी बाई पहिल्याच फेरीत घरी गेली, कारण दोन्ही आळ्यांत ती सगळ्यांची दुसरी होती.

हे पुस्तकी उदाहरण म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन गावच्या महापौराच्या निवडणुकीत २००९ मध्ये हेच घडलं. पहिल्या पसंतीत राइट यांना २,९५१, किस यांना २,५८५ आणि माँट्रोल यांना २,०६३ मतं होती. शेवटच्या फेरीत किस ४,३१३ विरुद्ध ४,०६१ नं जिंकले. पण मतपत्रिका जोडीजोडीनं मोजल्या तेव्हा दिसलं की माँट्रोल दोघांनाही हरवत होते. पुढच्याच वर्षी गावानं मतदान घेऊन ती पद्धत काढून टाकली. काही वर्षांनी ती तिथे परत आली हेही खरं, पण मोजण्याची रीत तीच ठेवून. मतविभागणीचा प्रश्न मिटतो म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं: बाद फेऱ्यांत मतविभागणी संपते की नुसती दुसऱ्या उमेदवारावर सरकते?

हा झाला गणिताचा मुद्दा. मला त्याहून मोठी वाटते ती व्यवहारातली अडचण, आणि ती मतदाराच्या अकलेची मुळीच नाही. आजच्या निवडणुकीत संध्याकाळी मतदान संपलं की केंद्राध्यक्ष १७ सी नमुना भरतो आणि किती मतं पडली त्याची प्रत पोलिंग एजंटला देतो. एजंट तो कागद घडी करून खिशात घालतो. मोजणीच्या दिवशी त्याच यंत्राची बेरीज त्या कागदाशी जुळते का हे तो पाहतो, उमेदवारनिहाय आकडे उतरवून घेतो आणि सगळ्या बूथांचे आकडे रात्री घरी बसून पुन्हा मिळवतो. दहावी झालेला पोरगा हे करू शकतो. एका पक्षाचा दुसऱ्यावर विश्वास नसतो, प्रशासनावर तर कोणाचाच नसतो, तरी निकाल मान्य होतो. यंत्रांवर शंका घेणारेही या कागदावर बोट ठेवूनच बोलतात. बाद फेऱ्यांत हा आधार जातो. कोण बाद होणार हे सगळ्या बूथांची बेरीज झाल्याशिवाय कळत नाही, आणि ते कळल्यावर त्याच मतपत्रिका पुन्हा उघडाव्या लागतात. नुसती बूथवार बेरीज पुढे पाठवून भागत नाही. प्रत्येक मतपत्रिकेवरचा पूर्ण क्रमच पुढे न्यावा लागतो. दहा उमेदवारांचे पूर्ण क्रम ३६,२८,८०० प्रकारे लागू शकतात. जोडमोजणीला त्याच दहा उमेदवारांसाठी नव्वद आकडे पुरतात: याला त्याच्या वर किती जणांनी ठेवलं, एवढ्याचेच. प्रत्येक बूथचा नव्वद आकड्यांचा तक्ता, आणि सगळ्या तक्त्यांची साधी बेरीज. तो पोरगा हीसुद्धा करेल.

मराठवाड्याला हा फरक अनुभवानं माहीत असायला हवा. पदवीधर मतदारसंघात आठही जिल्ह्यांच्या पेट्या छत्रपती संभाजीनगरला येतात. किनवटची पेटी तिथे येते, उमरग्याची येते, मतपत्रिका एकत्र करून गठ्ठे बांधले जातात, वैध मतं काढून कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी निम्म्याहून जास्त मतं, ठरतो आणि मग फेऱ्या. २०२३ च्या शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीत कोणाचाच कोटा भरला नाही आणि विक्रम काळे यांचा निकाल बाद फेऱ्यांवर गेला. मतदार सगळे शिक्षक, एका सभागृहात मावेल एवढी मोजणी, तरी फेऱ्या रात्रीपर्यंत चालल्या. किनवटच्या एजंटला आपल्या बूथचं मत शेवटच्या फेरीत कुठे गेलं हे स्वतः तपासता येतं का? येत नाही. लाखो मतांच्या लोकसभेत हे कसं चालवणार, याचं उत्तर मला अजून कोणी समाधानकारक दिलेलं नाही.

दुसरी अडचण बोलायला नाजूक आहे, पण आपल्याकडे ती सगळ्यांना माहीत आहे. मतदानाच्या आदल्या रात्री लक्ष्मीदर्शन होतं. वाटणाऱ्याला एकच काळजी असते: पैसे घेतले, पण मत दिलं का? आज त्याला ते कळू शकत नाही. पूर्ण क्रमाची मतपत्रिका आली आणि तपासणीसाठी ते क्रम उघड झाले, तर त्याला सही मिळाली. पहिला आमचा, मग सातवा, मग तिसरा, मग नववा. तुला हा क्रम, तुझ्या भावाला तो. हजार मतांच्या बूथवर लाखो क्रम शक्य असताना प्रत्येक विकत घेतलेल्या घराला स्वतंत्र खूण देता येते. म्हणून माझं म्हणणं दुहेरी आहे: पसंती तीनच असाव्यात, आणि जाहीर व्हावा तो फक्त जोडीचा तक्ता. इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. उमेदवार पाच आणि पसंती तीनच असतील तर क्रमाचे प्रकार, एकदोन पसंतींवर थांबलेले धरूनही, पंच्याऐंशीच होतात. तेवढे बूथवार छापता येतील आणि बाद फेऱ्याही ताडून पाहता येतील. उमेदवार दहा झाले की तोच आकडा ८२० वर जातो, आणि बीडसारख्या ठिकाणी, जिथे २०२४ च्या लोकसभेला ४१ उमेदवार होते, तिथे साठ हजारांच्या पुढे.

आता झेपण्याचा प्रश्न. त्याला मोठा वारसा आहे. ४ जानेवारी १९४९ ला संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती नाकारताना सांगितलं की या पद्धतीत मतदाराला निदान आकडे ओळखता आणि मतपत्रिकेवर लिहिता आले पाहिजेत, आणि देशाची साक्षरता पाहता तशी अपेक्षा करता येत नाही. त्या काळाला ते अगदी बरोबर होतं. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि त्या राज्यात साक्षर माणूस दहात एखादा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी ठेवली गेली, ती याच कारणानं. पण आज? ग्रामपंचायतीला वेगवेगळ्या रंगांच्या मतपत्रिकांवर एकाच वेळी तीनचार मतं देणारी आजी पहिला, दुसरा, तिसरा सांगू शकत नाही, हे मला पटत नाही. उलट आकडे लिहायला लावले की शिकलेलेच चुकतात. पदवीधर मतदारसंघात दिलेल्या जांभळ्या स्केच पेननंच आकडा लिहायचा, अक्षरात नाही, बरोबरची खूण नाही, सही नाही, असं दारावर लिहिलेलं असतं, तरी पदवीधरांची हजारो मतं बाद होतात. बीडमध्ये तुतारी वाजवणारा माणूस आणि नुसती तुतारी या दोन चिन्हांत गोंधळ झाल्याची तक्रार झाली. नुसत्या तुतारीला पन्नास हजारांवर मतं होती आणि जयपराजयाचा फरक ६,५५३ चा. चिन्हं सारखी ठेवली तर कोणीही फसेल. मतदाराला दोष देण्याआधी मतपत्रिका करणाऱ्याला विचारायला हवं. आंबेडकरांच्या आक्षेपाचा गाभा माझ्या मते आजही खरा आहे: मतदाराला आपलं मत स्वतःच्या हातानं, दुसऱ्याच्या मदतीशिवाय देता यायला हवं. त्या कसोटीवर तीन बटणं उतरतात, ४१ आकडे लिहिणं उतरत नाही.

पसंतीक्रम आपल्या देशात यशस्वी झाला आहे, हे सांगताना १९६९ ची राष्ट्रपतीपदाची निवडणूक नेहमी पुढे केली जाते. उदाहरण चांगलं आहे. या निवडणुकीत प्रत्येक मताला ठरलेलं मूल्य असतं आणि बेरीज त्या मूल्यांची होते. व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५ मतमूल्य, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८, आणि आपले चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९. कोटा ४,१८,१६९ चा, म्हणून कोणीच पार नाही. देशमुखांच्या मतदारांची पुढची पसंती बहुतांश रेड्डींकडे गेली, तरी गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि निवडून आले. देशमुखांना दिलेलं मत वाया गेलं नाही, ते शेवटपर्यंत मोजलं गेलं. पण मतदार कोण होते? खासदार आणि आमदार. २०२२ च्या जूनमध्ये राज्यसभेच्या सहाव्या जागेवर धनंजय महाडिक दुसऱ्या पसंतीच्या मतांवर आले, तेव्हाही कोणत्या आमदारानं कोणाला कितवी पसंती द्यायची याचं कोष्टक पक्षांनी आधी आखून दिलं होतं. एवढ्याशा, शिकवून आणलेल्या मतदारांवर जे चाललं ते गावागावात तसंच चालेल असं म्हणता येणार नाही.

आणि ॲरो? १९५१ च्या त्यांच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन सगळ्याच पद्धतींना एका पारड्यात टाकणं मला चुकीचं वाटतं. तीन किंवा जास्त पर्याय असले तर क्रमांवर चालणारी कोणतीही पद्धत काही मोजक्या रास्त अटी एकाच वेळी आणि सर्व परिस्थितींत पाळू शकत नाही, एवढंच त्यांनी दाखवलं. सगळ्या सारख्याच वाईट आहेत, असं त्यातून निघत नाही. त्याच अटी लावल्या तर आपली आजची एक बटणाची पद्धत तिसरा माणूस उभा राहिला की कोलमडते, आणि मराठवाड्यात तिसरा माणूस कायमच उभा असतो.

जोडमोजणीवरचे खरे आक्षेप दोन. पहिला काँदोर्सेनंच शोधला: कधीकधी पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसरा पहिल्याला. विजेताच नाही. प्रत्यक्ष निवडणुकांच्या मतपत्रिका जिथे तपासल्या गेल्या तिथे हे क्वचितच आढळलं आहे, पण कायद्यात त्याची सोय हवीच. ज्याचा सर्वांत मोठा पराभव सर्वांत कमी फरकाचा आहे तो निवडून आला, असा एक वाक्याचा नियम पुरे. दुसरा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो. पहिल्या पसंतीची २३० च मतं असलेली बाई नऊशे मतांच्या गावाची सरपंच कशी? कोणालाच न दुखावणारा, कसलीच भूमिका न घेणारा माणूस पुढे येणार नाही का? येऊ शकतो. हा धोका मी मान्य करतो आणि तरी पत्करायला तयार आहे, कारण दुसरीकडचा धोका आपण गेल्या काही वर्षांत बघितला आहे. २०२४ ला बीड आणि जालन्यात मराठा आणि ओबीसी अशी मनं किती फाटली होती ते कोणाला सांगायला नको. आजच्या पद्धतीत उमेदवाराला आपल्या गटाची मतं एकगठ्ठा पडली की पुरतं. समोरच्या वस्तीत पाऊल ठेवायची गरज नसते, उलट ठेवलं तर आपले नाराज होतात. दुसऱ्या पसंतीला किंमत आली की त्याला त्या वस्तीत जाऊन बसावं लागेल. पापुआ न्यू गिनीत टोळ्या आणि कुळांनुसार मतदान होतं, आणि एक मताच्या पद्धतीत तिथे वीस टक्क्यांहूनही कमी मतांवर खासदार होत असत. २००७ पासून तिथे सार्वत्रिक निवडणुकांत तीन पसंती आहेत. त्यानं हिंसा थांबली नाही. २०२२ ची निवडणूकही रक्तरंजित झाली. पसंतीक्रमाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये. पण समोरच्या गटाशी बोलायचं कारण उमेदवाराला मिळणं, ही आज आपल्याकडे लहान गोष्ट नाही.

सुरुवात सरपंचापासून करावी. राष्ट्रपती आणि विधान परिषदेच्या निवडणुकीची पद्धत घटनेतच लिहिलेली आहे, ती बदलायला घटनादुरुस्ती लागेल. गावचा सरपंच कसा निवडायचा हे मात्र ७३ व्या घटनादुरुस्तीनं राज्याच्या कायद्यावर सोडलं आहे, आणि महाराष्ट्रानं २०१७ मध्ये थेट सरपंच आणला, २०२० मध्ये काढला, २०२२ मध्ये पुन्हा आणला. म्हणजे इच्छा असली तर बदल होतो. सरपंचपदाच्या मतदानयंत्राला तीन पसंती नोंदवता येतील अशी नवी रचना लागेल, चाचण्या लागतील, त्याला पैसा आणि दोनतीन वर्षं लागतील, हे मला मान्य आहे. पसंती जास्तीत जास्त तीन, एकच दिली तरी मत वैध, मोजणी जोडीची. पाच उमेदवारांच्या गावात तक्ता वीस आकड्यांचा होईल. तो प्रत्येक बूथसाठी वेगळा छापून, एजंटांच्या सह्या घेऊन, निकाल जाहीर होण्याआधी त्यांच्या हातात पडला पाहिजे. ही अट कायद्यात नसेल, तर पसंतीक्रमाचा एवढा पुरस्कार करूनही माझा त्या कायद्याला विरोध राहील.